जपानी ड्रगस्टोअरमधली खरेदी: लेबल कसं वाचायचं, काय घ्यायचं, काय सोडायचं

जपानचं तिकीट निघालं की घरच्यांच्या याद्या यायला लागतात. वहिनीला रीलमध्ये पाहिलेलं निळ्या ट्यूबचं सनस्क्रीन हवं असतं, मावशीला केसांचा डाय, कॉलेजातल्या भाच्याला घाम पुसायचे थंडगार कागद. ती यादी घेऊन माणूस टोकियोतल्या शिंजुकूच्या एखाद्या बहुमजली दुकानात शिरतो आणि पहिल्याच रॅकपाशी गोंधळतो. एकाच नावाच्या, जवळपास एकाच रंगाच्या सहा-सात बाटल्या. प्रत्येकीवर वेगळी अक्षरं. आणि यादीत फक्त नाव लिहिलेलं.

माझं सांगणं असं, की नावांची यादी दुय्यम माना. जपानमध्ये बाटलीवर ब्रँडच्या नावाबरोबरच तिचा प्रकारही लिहिलेला असतो: ती कायद्याने औषध आहे की सौंदर्यप्रसाधन, तेलकट त्वचेसाठी आहे की कोरड्या, भरलेली बाटली आहे की रिफिल. या खुणा ओळखता आल्या तर जपानी न येताही नेमकी वस्तू हाती लागते. त्या येत नसतील तर व्हायरल झालेलं योग्य नाव घेऊनसुद्धा चुकीची बाटली घरी येते.

आधी दुकान ठरवा

साखळी दुकानं भरपूर आहेत. मात्सुमोतो कियोशी, कोकोकारा फाइन, वेल्शिया, सनड्रग, त्सुरुहा, सुगी, ओसाकाकडे दाइकोकू, क्युशूत कॉस्मॉस. पहिली दोन २०२१ मध्ये एका कंपनीच्या छत्राखाली आली, पण पाट्या वेगवेगळ्याच दिसतात. पिवळ्या पाटीचं मात्सुमोतो कियोशी हे खरं तर एका माणसाचं नाव आहे. १९३२ साली चिबा जिल्ह्यात छोटं औषधाचं दुकान काढणारे हे गृहस्थ पुढे मात्सुदो शहराचे महापौर झाले आणि १९६९ मध्ये त्यांनी पालिकेत चक्क ‘लगेच करू’ नावाचा विभाग सुरू केला. नागरिकाने तक्रार केली की माणूस ताबडतोब पाठवायचा, एवढंच त्याचं काम. आपल्या पालिकांनी उचलावी अशी ही कल्पना. असो.

शिंजुकू, शिबुया, ओसाकाचं शिनसाइबाशी या भागांतल्या शाखा पर्यटकांसाठी सोयीच्या. करमुक्त खरेदीचा काउंटर असतो, इंग्रजी बोलणारं कुणीतरी भेटतं, माल भरपूर असतो. गर्दीही तितकीच. वस्तीतल्या शाखेत टॉयलेट पेपर आणि नूडल्सच जास्त दिसतील, पण रोजच्या वापराचे जपानी ब्रँड तिथेही असतात आणि सुट्टीचा दिवस सोडून दुपारी गेलात तर निवांत लेबलं वाचता येतात. भाव दोन्हीकडे सारखे नसतात. एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांतही तीच ट्यूब शंभर-दोनशे येनने कमीजास्त मिळू शकते, तेव्हा मोठी खरेदी असेल तर पहिल्या दुकानात भावांचे फोटो काढा आणि दुसरं दुकान बघून मग ठरवा.

मेकअपच तेवढा हवा असेल तर आइन्झ अँड तुल्पे किंवा अॅट-कॉस्मेचं दुकान जास्त कामाचं. अॅट-कॉस्मे ही १९९९ पासून चालणारी ग्राहकांच्या परीक्षणांची जपानी वेबसाइट. तिचं मोठं दुकान २०२० मध्ये हाराजुकू स्टेशनासमोर उघडलं आणि तिथे जवळपास सगळ्याचे टेस्टर हाताळायला मिळतात. डॉन किहोते हे सगळंच स्वस्तात विकणारं साखळी दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, पण तिथल्या बोळांत नवख्या माणसाने लेबल वाचत उभं राहण्याइतकी जागा नसते. आधी दुसरीकडे ठरवून मग तिथे फक्त उचलायला जावं.

आत शिरल्यावर

दाराबाहेरच्या टोपल्यांत स्वस्तात काढलेला माल असतो. तिथे थांबू नका. दाराच्या आत लगेच सनस्क्रीन, फेस मास्क, मेकअप. मागे किंवा वरच्या मजल्यावर केसांचं, दातांचं, सॅनिटरी पॅड. आणि औषधं बहुतेक काउंटरच्या जवळ. रॅकवर हाताने रंगवलेली पुठ्ठ्याची कार्डं लटकत असतात. बरीचशी जाहिरातच असतात, पण काहींवर अॅट-कॉस्मेच्या वार्षिक पुरस्काराचा शिक्का असतो आणि तो बऱ्यापैकी भरवशाचा. मात्र शिक्क्यावरचं वर्ष आणि विभाग बघा. सात वर्षांपूर्वी ‘हँड क्रीम’ विभागात मिळालेला पहिला क्रमांक त्याच ब्रँडच्या आजच्या फेस क्रीमबद्दल काहीच सांगत नाही.

फोनमध्ये गूगल ट्रान्सलेट आणि त्याची जपानी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा. कॅमेरा धरला की लेबल वाचता येतं. सजावटी अक्षरांत तो गडबडतो, त्यामुळे पुढची बाजू सोडून मागच्या बारीक मजकुरावर धरा.

अक्षरं मोजा

माझ्या मते या दुकानात सगळ्यात उपयोगी पडणारी युक्ती ही. जपानी कायद्यात या मालाचे तीन वर्ग आहेत. ‘केशोहिन’ म्हणजे सौंदर्यप्रसाधन. ‘इयाकुहिन’ म्हणजे औषध. आणि दोहोंच्या मधला ‘इयाकुबुगाइहिन’: सरकारने मान्य केलेला एखादा क्रियाशील घटक ठरलेल्या प्रमाणात असलेली वस्तू. बाटलीच्या मागे यातला वर्ग बहुतेक छापलेला असतो. तिन्हींचं शेवटचं अक्षर एकच, तीन छोटे चौकोन, एक वर आणि दोन खाली. ते सापडलं की शब्दाची अक्षरं मोजा. पाच भरली तर मधला वर्ग. तीन भरली तर प्रसाधन किंवा औषध, आणि बहुतेक औषधांवर त्या शब्दाच्या आधी १, २ किंवा ३ असा आकडा असतो, त्यामुळे सहसा घोटाळा होत नाही.

समोरच्या बाजूला ‘याकुयो’ हा शब्द असेल तर तोही मधलाच वर्ग. मुरुमांवरची फेसवॉश, डागांवरची सीरम, घामाच्या वासावरचे रोलऑन, केसांचे कायमचे डाय बहुतेक यात येतात.

या वर्गाचा एक परिणाम घटकांच्या यादीवर होतो. साध्या प्रसाधनांवर २००१ पासून सगळे घटक लिहावे लागतात आणि ते प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात. एक टक्क्याखालचे मात्र कसेही लिहिलेले चालतात. मधल्या वर्गात क्रियाशील घटक वेगळे आणि ‘इतर घटक’ वेगळे लिहितात, आणि त्या इतरांचा क्रम प्रमाण सांगत नाही. तेव्हा ‘पहिल्या पाचांत अमुक आहे म्हणजे भरपूर आहे’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही.

आणखी एक. प्रसाधनाची बाटली उलटीपालटी करूनही वापराची अंतिम तारीख बहुधा सापडणार नाही. घाबरू नका, माल जुना नाही. न उघडता तीन वर्षांहून जास्त टिकणाऱ्या प्रसाधनांवर तारीख छापायची जपानमध्ये सक्ती नाही, फक्त बॅच क्रमांक असतो. घरी भेट द्यायची असेल तर खरेदीचा महिना मार्करने खाली लिहून द्या, नाहीतर तिकडून ‘एक्सपायरी कुठाय?’ असा फोन येणारच.

चेहऱ्याचं सामान: क्रम आणि दोन शब्द

जपानी क्रम असा: मेकअप काढायचं क्लेन्झिंग, मग फेसवॉश, मग ‘केशोसुई’, मग हवं तर सीरम, शेवटी ‘न्यूएकी’ किंवा क्रीम. यातलं केशोसुई आपल्याकडे टोनर म्हणून विकतात, पण आपल्या जुन्या तुरट टोनरशी त्याचा संबंध नाही. ते पाण्यासारखं पातळ असलं तरी काम ओलावा देण्याचं करतं आणि तळहाताने दाबून लावतात. न्यूएकी म्हणजे पातळ दुधासारखं मॉइश्चरायझर.

या दोन्हींवर ‘सापारी’ किंवा ‘शित्तोरी’ यांपैकी एक शब्द बहुतेक असतो. सापारी हलकं, न चिकटणारं. शित्तोरी जड आणि ओलसर. हादा लाबोची ती प्रसिद्ध पांढरी बाटली घेताना लोक हमखास हे बघत नाहीत. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी सापारीच घ्यावं. शित्तोरी मे महिन्यात चेहऱ्यावर तशीच बसून राहते. विदर्भातल्या कोरड्या हवेत किंवा टोकियोच्याच हिवाळ्यात शित्तोरीला पर्याय नाही. पुणेकरांनी त्वचा बघून ठरवावं. त्वचा लवकर लाल होत असेल तर ‘बिंकानहादा’, म्हणजे संवेदनशील त्वचेसाठी, हा शब्द शोधा. क्युरेल आणि मिनोन हे त्यातले सहज मिळणारे ब्रँड. सुगंध नको असेल तर ‘मुकोर्यो’.

क्लेन्झिंग ऑइल ही मात्र जपानची खरी कमाई. डीएचसी, फँकल, कोसेचं सॉफ्टिमो. कोरड्या चेहऱ्यावर तेल चोळायचं, मग थोडं पाणी घेऊन पुन्हा चोळायचं. तेल पांढरं दुधाळ होतं आणि धुतलं की चेहरा तेलकट राहत नाही. दोन गोष्टी लेबलवर बघा. ओल्या हाताने चालतं का, आणि ‘डबल सेनगान’ लागत नाही असं लिहिलंय का, म्हणजे नंतर वेगळा फेसवॉश लागत नाही. ही दुसरी सूचना बऱ्याचदा रोमन लिपीतल्या डब्ल्यू अक्षराने सुरू होते, त्यामुळे चटकन दिसते.

हातोमुगीचं अर्ध्या लिटरचं लोशन आणि पाकिटातले शीट मास्क यांवर फार लिहायला नको. स्वस्त आहेत, भेट द्यायला सोपे आहेत, निरुपद्रवी आहेत. पाकिटात सुटे बंद केलेले मास्क घ्या. तीस-पस्तीस मास्क एकत्र ठासलेला डबा वाटण्यात जमत नाही आणि प्रवासात रस गळतो.

सनस्क्रीनपाशी जास्त वेळ द्या

एसपीएफ आणि पीए रोमन अक्षरांतच छापलेले असतात, त्यामुळे हा विभाग सोपा वाटतो. पीए ही मोजपट्टी जपानचीच. तिथल्या प्रसाधन उद्योग संघटनेने १९९६ मध्ये ती सुरू केली आणि चौथं अधिकचिन्ह २०१३ मध्ये जोडलं. एसपीएफ त्वचा भाजण्यापासूनचं संरक्षण सांगतो आणि जपानमध्ये ५०+ च्या वर लिहायला परवानगी नाही. पीए खोलवर जाऊन काळपटपणा आणणाऱ्या किरणांबद्दल असतं. आपल्या त्वचेला डाग पटकन पडतात, त्यामुळे मी पीएच्या चार चिन्हांना एसपीएफच्या आकड्याइतकंच महत्त्व देते. पाण्यात टिकण्यासाठी अलीकडे ताऱ्यांची खूण आली आहे: एक तारा साधारण ४० मिनिटं पाण्यात टिकलेल्याला, दोन तारे ८० मिनिटांना. तारकर्लीला स्नॉर्कलिंगला जाणाऱ्याने दोन ताऱ्यांचंच घ्यावं.

आता नेमकं कुठलं. काओचं बिओरे यूव्ही अॅक्वा रिच, रोहतोचं स्किन अॅक्वा, कानेबोचं अॅली, शिसेइदोचं अनेस्सा हे सगळीकडे दिसतील. सगळ्यांच्या उपजाती आहेत आणि खरी फसगत तिथेच होते. जेल किंवा ‘वॉटरी’ लिहिलेलं गव्हाळ-सावळ्या त्वचेवर विरून जातं. ‘टोन अप’ लिहिलेलं चेहरा उजळ दाखवण्यासाठी केलेलं असतं; जांभळट किंवा गुलाबी छटेचं, आणि आपल्या रंगावर ते राखेसारखं दिसतं. ‘नॉन-केमिकल’ लिहिलेल्यात झिंक किंवा टायटॅनियमचे कण असतात. संवेदनशील त्वचेला आणि लहान मुलांना बरं, पण पांढरा थर राहतो. बऱ्याच जेल प्रकारांत अल्कोहोल असतं, डोळ्यांशी गेलं की झोंबतं. म्हणून टेस्टर मनगटावर लावून चालणार नाही. जबड्याच्या कडेला लावा, दुकानाच्या दाराशी येऊन दिवसाच्या उजेडात बघा.

ट्यूब किती घ्यायच्या हाही प्रश्न असतो. एसपीएफ मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतकं लावून मोजतात. हे आपण रोज लावतो त्याहून बरंच जास्त आहे. ठरल्याप्रमाणे चेहरा आणि मान रोज झाकली तर ५० ग्रॅमची ट्यूब महिना-दीड महिनाच जाईल. वर्षाचा साठा करायचा विचार असेल तर आधी तोच माल भारतात किती रुपयांना मिळतो ते बघा. फरक दीडपटीहून कमी असेल तर बॅगेतली जागा दुसऱ्या कशाला द्या.

काढायचं कसं, तेही लेबलवर असतं. ‘सेक्केन दे ओतोसेरु’ म्हणजे साध्या साबणाने निघतं. रोजच्या ऑफिसला तेवढं पुरे.

‘बिहाकू’ म्हणजे गोरेपणाची हमी नाही

ज्या रॅकवर पांढरा-चंदेरी रंग जास्त दिसेल तो डागांवरच्या सामानाचा. त्यावर ‘बिहाकू’ लिहिलेलं असतं आणि भाषांतर करणारा फोन सरळ ‘व्हाइटनिंग’ असं दाखवतो. आपल्याकडच्या बाजाराची सवय असल्याने त्याचा अर्थ लगेच गोरं होण्याशी लावला जातो. जपानी नियमांप्रमाणे या वस्तूंना करता येणारा दावा मर्यादित आहे: मेलॅनिन तयार होणं रोखून डाग आणि वांग येऊ न देणं. आधी असलेला त्वचेचा मूळ रंग बदलण्याचा दावा त्यांना करता येत नाही. २०२१ मध्ये काओने आपल्या मालावरून हा शब्दच काढायचं ठरवलं. त्याच्या आदल्या वर्षी आपल्याकडे फेअर अँड लव्हलीचं ग्लो अँड लव्हली झालं होतं.

क्रियाशील घटकांत क जीवनसत्त्वाची रूपं, आर्ब्युटिन, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे जास्त दिसतात. रोहतोचं मेलानो सीसी नावाचं छोट्या ट्यूबचं सीरम यादीत हमखास असतं. मुरुमाचे ताजे डाग असतील तर घेऊन बघायला हरकत नाही, सोबत सनस्क्रीन रोज लावणार असाल तरच. नाहीतर पैसे वाया.

सरकारमान्य घटक म्हणजे सगळं सुरक्षित, असंही धरू नका. २०१३ च्या जुलैत कानेबोने रोडोडेनॉल हा मान्यताप्राप्त उजळवणारा घटक असलेली ५४ उत्पादनं बाजारातून परत घेतली. हजारो ग्राहकांच्या त्वचेवर पांढरे चट्टे उठले होते. तो घटक आता बाजारात नाही, पण नवं काही लावताना आधी थोड्या जागेवर आठवडाभर वापरून बघायचं, हा धडा त्यातून घ्यावा.

इथे आणखी एक गफलत होते. ट्रान्सिनो या नावाने क्रीम आणि सीरम विकतात, ते मधल्या वर्गातले. त्याच नावाच्या वांगाच्या गोळ्याही येतात. त्यांत ट्रॅनेक्झॅमिक आम्ल असतं, त्या पहिल्या वर्गाचं औषध आहेत आणि फार्मासिस्टशी बोलल्याशिवाय मिळत नाहीत. हे औषध रक्त गोठण्याशी संबंधित आहे. रक्ताच्या गुठळीचा त्रास झालेल्यांनी किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. ‘येताना माझ्यासाठी पण आण’ म्हणणाऱ्या मैत्रिणीसाठी तर मुळीच आणू नये.

मेकअप: डोळे आणि ओठांपुरता

फाउंडेशन ड्रगस्टोअरमधून घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. छटा स्थानिक ग्राहकांच्या रंगाप्रमाणे ठेवलेल्या असतात. ‘ओकर’ या मालिकेतली सगळ्यात गडद छटासुद्धा आपल्यातल्या बऱ्याच जणींना फिकी पडते. कन्सीलरचंही तेच. याउलट आयलायनर, मस्कारा, भुवयांची पेन्सिल, लिप टिंट यांत कॅनमेक, सेझान, केट, हिरोइन मेक हे ब्रँड हजार-दीड हजार येनच्या आतबाहेर फार उत्तम काम देतात.

मस्कारा घेताना दोन जाती लक्षात ठेवा. एक वॉटरप्रूफ, तो काढायला वेगळा रिमूव्हर किंवा तेल लागतं. दुसरा ‘ओयु’, म्हणजे कोमट पाण्याने निघणारा. त्याचा पातळ थर नळीसारखा सुटून येतो. मुंबईच्या पावसाळ्यातल्या लोकल प्रवासाला पहिला. रोज रात्री डोळे चोळून काढायचा कंटाळा असेल तर दुसरा.

भुवयांचे छोटे रेझर, नेलकटर, पापण्या वळवायचा कर्लर या हत्यारांकडे कोणी फारसं बघत नाही, ती मात्र पैसे वसूल करतात. काई या कंपनीची मुळं गिफूतल्या सेकी गावात आहेत. तलवारी आणि चाकू घडवणाऱ्यांचं हे जुनं गाव. तिचं साधं नेलकटर वर्षानुवर्षं धार सोडत नाही.

केस: बाटली हाताने चाचपा

शांपूच्या रॅकपाशी सगळ्या बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या. कुठली शांपू, कुठली कंडिशनर? बाटलीच्या कडेवरून बोट फिरवा. आडव्या उंच रेघांची ओळ लागली की ती शांपू. अंध ग्राहकांसाठी काओने १९९१ मध्ये ही सोय सुरू केली आणि बाकीच्या कंपन्यांनीही ती उचलली. बॉडीवॉशच्या बाटलीला एकच सरळ उंचवट्याची रेघ असते. कंडिशनर गुळगुळीत.

त्याच रॅकवर टोपण असलेली प्लॅस्टिकची पाकिटं लटकतात, बाटलीपेक्षा स्वस्त. ती रिफिल, ‘त्सुमेकाए’. हॉटेलात वापरायची असेल तर निरुपयोगी, पण घरी न्यायची असेल तर हीच घ्या. वजन कमी, जागा कमी, आणि प्रत्येक पाकीट झिपच्या पिशवीत टाकलं की झालं.

फिनोचा हेअर मास्क कोरड्या, रंगवलेल्या केसांना चांगला. तेलकट टाळूच्या माणसाने फक्त टोकांना लावावा. आपल्याकडच्या तेल लावणाऱ्या घरांत ओशिमा त्सुबाकी ही छोटी पिवळी बाटली आवडते. १९२७ पासूनची कंपनी, इझू बेटांतल्या ओशिमाचं नाव, त्सुबाकीच्या, म्हणजे कॅमेलियाच्या, बियांचं तेल. खोबरेलासारखं टाळूवर थापायचं नाही. ओल्या केसांवर दोन-तीन थेंब.

डाय घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. रॅक दोन भागांत असतो: ‘शिरागा’, म्हणजे पांढऱ्या केसांसाठी, आणि ‘कुरोकामी’, म्हणजे काळ्या केसांना रंग द्यायचा. दुसऱ्यात काळा रंग उतरवणारं रसायन असतं आणि ते पांढरे केस झाकत नाही. डबीवरच्या मुलीचा फोटो तरुण आणि केस तपकिरी असतील तर तो बहुधा दुसरा. मावशीला हवा पहिला. बिगेन आपल्याकडे ओळखीचा आहे, तो नागोयाच्या होयू कंपनीचा. कायमचे डाय मधल्या वर्गात येतात आणि बहुतेकांत पॅराफिनायलीनडायअमाइन असतं, ज्याने काहींना भयंकर अॅलर्जी होते. दर वेळी, आधी कितीही वेळा लावला असला तरी, ४८ तास आधी कानामागे किंवा दंडावर लावून बघायचं असतं. ज्यांना तो चालत नाही त्यांच्यासाठी कलर ट्रीटमेंट असते: साधं प्रसाधन, तीन अक्षरांचं, कंडिशनरसारखं लावायचं आणि रंग हळूहळू चढतो.

घाम, पॅड, आणि बाकीचं

भाच्याचे कागद म्हणजे बॉडी शीट. गॅट्सबी, बिओरे, सी ब्रीझ. ‘सारासारा’ लिहिलेल्यात पावडर असते, पुसल्यावर अंग कोरडं राहतं. ‘कूल’वाल्यात मेंथॉल इतकं असतं की एसीच्या डब्यात हुडहुडी भरेल. काखेच्या वासाला डिओनाचुरेची स्टिक किंवा काहीही ‘सेइकान’, म्हणजे घाम रोखणारं, असं लिहिलेलं. ही सुगंधासाठी नाही. परफ्यूमसारखा दरवळ हवा असणाऱ्यांची निराशा होईल.

सॅनिटरी पॅडच्या पाकिटावर लांबी सेंटिमीटरमध्ये छापलेली असते, त्यामुळे भाषा येण्याची गरज नाही. दिवसाला २१ ते २५, रात्रीला २९ पासून ४० च्या पुढेही. ‘हाने’ म्हणजे विंग असलेले. सोफी आपल्याकडेही मिळतो, जपानी पाकिटात तोच आणखी पातळ वाटतो. काओचा लॉरिएही चांगला. प्रवासात अडचण आली तर कॅशियर पाकीट कागदी किंवा अपारदर्शक पिशवीत घालून देते, न मागता.

डोळ्यांचे थेंब हे औषध. डबीवर गारव्याची पट्टी आकड्यांत असते. सगळ्यात वरच्या आकड्याचे थेंब पहिल्यांदाच घातले तर डोळे उघडायला मिनिट जातं. लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्सचं चित्र असलेलेच घ्यावेत. रात्री उशिरा गेलात तर औषधांच्या रॅकवर पडदा ओढलेला दिसेल. नोंदणीकृत विक्रेता नसताना ती विकायची परवानगी नसते.

शाकाहारी घरांसाठी

‘बायु’ म्हणजे घोड्याच्या चरबीचं तेल, क्रीम आणि साबणांत सर्रास, आणि डबीवर घोड्याचं चित्रही बहुधा असतं. प्लासेंता हे डुकराच्या किंवा घोड्याच्या नाळेपासून काढतात. कोलॅजन मासळीचं किंवा डुकराचं. स्क्वालेन शार्कच्या यकृताचंही असतं, ऑलिव्हचंही. सौंदर्याच्या गोळ्यांचं कवच जिलेटिनचं. हायल्युरॉनिक आम्ल हल्ली मुख्यत्वे किण्वनाने बनवतात, त्याची चिंता नको. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्यासारखी खूण जपानमध्ये नाही, तेव्हा आजीसाठी किंवा जैन शेजाऱ्यांसाठी काही घेत असाल तर मागची यादी फोनने वाचूनच घ्या.

बिल आणि बॅग

किमतीच्या पट्टीवर दोन आकडे असतात. मोठा बहुतेक कराआधीचा, छोटा करासकट. प्रसाधनांवर १० टक्के उपभोग कर आहे. तुम्ही पर्यटक म्हणून, थोड्या मुदतीच्या प्रवेशावर आला असाल तर एका दुकानात एका दिवसात कराआधी ५,००० येन किंवा जास्त खरेदीवर करमुक्ती मिळते. मूळ पासपोर्ट लागतो, फोटो चालत नाही. ‘मेन्झेई’ म्हणा आणि त्या काउंटरच्या रांगेत लागा. टोकियोतल्या निशी-कासाईत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मंडळींना ही सवलत नाही, त्यामुळे त्यांच्याकडून ‘करमुक्त आणून दे’ अशी अपेक्षा करू नका.

पद्धत मात्र बदलते आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत कर दुकानातच वजा होतो आणि सामान सीलबंद पिशवीत मिळतं, ती जपान सोडेपर्यंत उघडायची नाही. म्हणून हॉटेलात वापरायच्या वस्तूंचं बिल वेगळं करा. १ नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात करासकट पैसे भरायचे आणि देश सोडताना विमानतळावर कस्टम्सची पडताळणी झाली की परतावा घ्यायचा. सीलबंद पिशवीची भानगड संपते, पण विमानतळावर वेळ हाताशी ठेवून पोहोचावं लागेल. पर्यटकांसाठी साखळी दुकानांची सवलत कूपनं त्यांच्या वेबसाइटवर असतात. काउंटरवर पोहोचण्याआधी ती फोनवर उघडून ठेवा.

पैसे देताना कॅशियर विचारते ते दोनच प्रश्न: पॉइंट कार्ड आहे का, आणि पिशवी हवी का. पहिल्याला नकारार्थी मान हलवा. प्लॅस्टिकच्या पिशवीचे जुलै २०२० पासून पैसे पडतात, त्यामुळे आपली कापडी घडी पर्समध्ये असू द्या.

दुकानातली सीलबंद पिशवी विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीच्या पिशवीसारखी चालत नाही. १०० मिलिलिटरच्या वरचं सगळं पातळ सामान चेक-इन बॅगेतच टाकावं लागतं. स्प्रे असतील तर एक डबा ०.५ किलो किंवा ०.५ लिटरपर्यंत आणि माणशी एकूण २ किलो किंवा २ लिटर, आणि तेही अंगाला-केसांना लावायचे. कपड्यांवर किंवा बुटांवर मारायचे ज्वलनशील स्प्रे दोन्ही बॅगांत चालत नाहीत; विमानतळावर काढून घेतात. पंपाच्या बाटलीची मान फिरवून लॉक करा, तरी वर टेप मारा. क्लेन्झिंग ऑइल कपड्यांच्या मधोमध ठेवू नका.